रोवण्याचं मागणं

मी लहानपणापासून तोंडाची फटकळ. त्याचं मले काई वाईट वाटत नाई. त्या सांजेले तोंड उघडलं नसतं, तं मायच्या हातची पेज मले जन्मात भेटली नसती.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. अख्खा मुलूख या राज्यातून त्या राज्यात गेला, कोणी अडवलं नाई. मले मात्र दोन कोसावरच्या मायकडं जायची बंदी होती.

बाप साप चावून मेला. मायनं, मंदाबाईनं, बोदलकशाच्या तलावाकडच्या दुधरामसंग पाट लावला. आमच्या जातीत बाईले दुसरं घर करायची मोकळीक होती. पण रीत अशी, का बाई मागच्या दारानं जाईल आन् लेकरू बापाच्या घरी राहील. बापाचा मोठा भाऊ चैतराम, माझा मोठबा, पंचांपुढं म्हणाला, "प्रेमिला आमच्या घराची. मंदीनं इचं तोंड पाहायचं नाई." पंचांनी माना हलवल्या. मी दहा वर्षांची होती. माझं तोंड माझ्या मायनं पाहायचं नाई म्हणे! वा रे पंच!

मोठबा वाईट नव्हता, खोटं कायले बोलू? पोटभर खाऊ घाले, जत्रेत बांगड्या घेऊन दे. पण मी मायचं नाव काढलं का म्हणे, "धानाचा पऱ्हा उपटून आपण दुसऱ्या बांदीत लावतो का नाई? दोन दिवस मान टाकते, मंग उभा राहते. तूबी राहशील."

त्या साली रोवण्याले गावात बाया कमी पडल्या. मोठबानं बोदलकशाकडून पंधरा बायांची टोळी बोलावली. डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन त्या दिवसभर चिखलात वाकून राहत. तिसऱ्या दिवशी मीबी ओळीत शिरली. बाजूच्या बाईनं माझ्या हातातली पऱ्ह्याची पेंडी घेतली, गुंतलेली मुळं सोडवली आन् परत दिली. मी खोळीखाली वाकून पाह्यलं. माय होती.

"बोलू नोको," ती म्हणाली. "रोवत राय. पाह्यलं तं हाकलून देतील."

तीन दिवस ती आमच्याच बांदीत वाकून होती आन् मले पत्ताच नाई! मले रडू आलं. मंग राग आला. रागच जास्त.

आमच्याकडं रोवणा सरला का शेवटची पेंडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मालकाच्या पायापुढं ठेवतात. रोवणाऱ्या बाया मागतील ते द्यायचं, मंगच ती ओलांडायची. न देता ओलांडली तं धान भरत नाई. बाया कोंबडा मागत, गूळ मागत, एखादी नखरेवाली लुगडंबी मागे.

त्याच सांजेले आमचा रोवणा सरला. मोठबा हसतच धुऱ्यावर आला. "मागा वो बाया, काय मागता?"

टोळीची म्हातारी बायजाबाई पेंडी ठेवायले वाकली. मी तिच्या हातून ती ओढली आन् मोठबाच्या पायापुढं आपटली.

"माय दे."

"काय म्हणतं?"

"मीबी रोवलं, मीबी मागते. मले माय दे."

मायनं खोळ काढली आन् माझ्या मागं येऊन उभी राहिली. मोठबाचा चेहरा तापला. "लेकरायचं मागणं नसते! बायजाबाई, कोंबडा घे आन् जा."

"कोंबडा कायले?" बायजाबाईनं कमरेवर हात ठेवले. "पोरीनं मागितलं ना? आमचं समद्यायचं तेच मागणं."

एकबी बाई हलली नाई.

"पोरी," मोठबा नरमला, "तुले सांगितलं होतं ना, पऱ्हा उपटला तरी जगते."

"मुळासकट उपटता म्हणून जगते. मूळ मागं ठेवून नुसता पाला रोवून पाह्य बरं!"

मोठबानं पायापुढच्या पेंडीकडं पाह्यलं आन् म्हणाला, "जा. पण पुन्हा माझ्या घरात पाय ठेवायचा नाई."

"ठेवीन! माझ्या बापाचं घर आहे ते. पोळ्याले येईन, बैल सजवीन, तुझ्या पाया पडीन. आन् निजायले मायकडं जाईन."

कोणतीतरी बाई फसकन हसली. मोठबानं तोंड फिरवलं, शेल्यानं डोळे पुसले आन् पेंडी ओलांडून घराकडं चालू लागला. ओलांडली म्हणजे दिलं.

माय मले उचलायले वाकली. मी म्हटलं, "दहा वर्षांची आहो मी, पायी येईन." तिनं ऐकलं नाई. दोन कोस तिनं मले खाली उतरवलंच नाई.