डावीकडे ओढणारी गाडी

बिहीची गाडी डावीकडे ओढत होती. सारखी नाही. मोकळ्या रस्त्यावर ती नाकासमोर चालायची. पण गिअर बदलायला घेतला, की तिचं तोंड हळूच डावीकडे वळायचं, समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर. तिकडे स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं आणि वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात.

गेल्या आठवड्यात केर्दूसच्या घाटात समोरून खडीचा ट्रक आला आणि नेमकी तेव्हाच गाडी वळली. बिहीने ती सावरली, पण पुढच्या सीटवरच्या शिक्षिकाबाई किंचाळल्या आणि तिथेच उतरल्या. "मी पायी जाईन," असं म्हणून त्या भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तेव्हापासून तिझ्नितच्या स्टँडवर बिहीचा नंबर लागला, की प्रवाशांना काहीतरी घ्यायचं राहिल्याचं आठवायचं, आणि ते परत यायचे ते पुढच्या टॅक्सीत बसायला.

"चाकांच्या सांध्यातले रबरी बुश गेलेत," बिही सगळ्यांना सांगायचा. "जुनी गाडी आहे. म्हातारपणी माणसाचे गुडघे जात नाहीत का?"

तरुणपणापासून तो तिझ्नित ते तफ्रौत हीच फेरी मारत आला होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. म्हणून त्याने गाडी इद्दरच्या गॅरेजात नेली आणि सांगितलं, "दोष सापडल्याशिवाय मी हलणार नाही."

इद्दर वयाने पुष्कळ लहान, पण घाई न करणारा. त्याने आधी गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबून सोडला. शॉक अब्सॉर्बर मेलेला असला, की गाडी पाळण्यासारखी डुलत राहते. ही एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली. मग त्याने जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं, नंतर दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. कुठे खटका नाही. पुढची दोन्ही चाकं त्याने एकमेकांच्या जागी बसवली.

"हे कशाला?" बिहीने विचारलं.

"दोष टायरचा असेल, तर आता गाडी उजवीकडे ओढेल."

बिही एक चक्कर मारून आला. "डावीकडेच."

इद्दरने वाकून चारही चाकांना हात लावून पाहिला. एखादा ब्रेक अडकत असता, तर ते चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असतं. चारही सारखीच कोमट होती. तो हात पुसत उभा राहिला.

"दा बिही, फक्त गिअर बदलतानाच ओढते ना?"

"तेच तर घसा फोडून सांगतोय."

"मग मागचे बुश बघायला हवेत. रबर थकलं, की वेग कमी-जास्त होताना मागची चाकं जराशी तिरकी होतात आणि गाडी मागून वळते. पण रिकाम्या गाडीत ते साळसूदासारखे बसून राहतात. भरलेली गाडी घाटात चढवली, की खरं काय ते कळतं."

बिहीचा चेहरा उजळला. "मी काय म्हणत होतो? बुशच! वजन पाहिजे ना तुला? सिमेंटच्या गोण्या कशाला, स्टँडवर एवढे रिकामटेकडे पडलेत."

तो हाका मारत गेला आणि नंबर लांब असलेल्या पाच ड्रायव्हरांना घेऊन आला. त्यात जाडा बेलाईद होता, थट्टेखोर फास्का होता आणि जामा होता. जामा बिहीच्याच वयाचा. आयुष्यभर दोघे नंबरावरून भांडत आले होते, आणि एकमेकांच्या घरच्या प्रत्येक लग्नात जेवले होते.

आधी इद्दर चालवायला बसला. पुढे त्याच्या शेजारी बेलाईद आणि आणखी एक ड्रायव्हर, मागे बिही धरून चौघे.

"बेलाईद, सरक रे! तुझ्या एका मांडीत माझी अख्खी सीट गेली."

"कुठे सरकू? दाराबाहेर?"

"प्रवाशांना असं कोंबताना कधी दया आली नाही," फास्का म्हणाला. "आता भोगा."

सगळे खो खो हसले. बिहीही हसला. गाडी चढाला लागली. इद्दरने तिसरा टाकला, दुसरा टाकला, मुद्दाम झटक्याने पाय काढून घेतला. गाडी रेषेत चालत राहिली. वर जाऊन तो वळला आणि उतारावर पुन्हा तेच केलं. गाडी तसूभर हलली नाही.

"तू फार जपून गिअर टाकतोस," बिही मागून म्हणाला. "इतक्या वर्षांची गाडी आहे. ती मालकाचा हात ओळखते. उतर, मी दाखवतो."

इद्दर शेजारच्या जागेवर सरकला, तिथला ड्रायव्हर मागे बिहीच्या जागी गेला, बेलाईद दाराशी चेपला गेला आणि बिही स्टेअरिंगवर बसला. बसल्याबरोबर त्याला बरं वाटलं. पाठीला ओळखीचा खड्डा, पायाला ओळखीचा क्लच.

"बघ हां आता," तो म्हणाला आणि उजवा हात गिअरवर नेला. गाडी डावीकडे वळली.

"बघितलंस?"

पुढच्या वळणाआधी त्याने दुसरा टाकला. गाडी पुन्हा वळली, आणि या वेळी पांढरी रेघ चाकांखाली गेली. "बघितलंत ना रे सगळ्यांनी? आता म्हणा, बिही खोटं बोलतो!"

बिहीने आरशात पाहिलं. मागचे चौघेही ड्रायव्हर. ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत बसला, की त्याची नजर रस्त्यावर असते, पाय उगाच ब्रेक शोधत असतात. पण या चौघांपैकी एकाचीही नजर रस्त्यावर नव्हती. सगळे त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

मग त्यानेही खाली पाहिलं.

उजवा हात गिअरवर होता. स्टेअरिंग एकट्या डाव्या हाताकडे होतं, आणि डावा हात ते धरून नव्हता. दोरीवर ओला कपडा लोंबावा, तसा तो त्यावरून लोंबत होता, आणि त्याच्या वजनाने स्टेअरिंग आपोआप डावीकडे फिरत होतं.

बिहीने उजव्या हाताने स्टेअरिंग पकडलं, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. त्या सकाळी त्याच हातातून चहाचा पेला निसटला होता. तेव्हा तो सुनेवर ओरडला होता, पेले नीट धूत नाहीस, ओशट राहतात.

"इद्दर," तो समोर पाहत म्हणाला, "बुश बदलून टाक."

"दा, बुश चांगले आहेत."

"मग चांगले काढ आणि नवे घाल. स्प्रिंगाही बदल. सगळं बदल."

"सगळं बदलून देईन," इद्दर हळू म्हणाला. "पण तुम्ही उद्या चालवायला बसलात, की ती पुन्हा ओढेल. हात कधीपासून असा आहे?"

"हाताला काही झालेलं नाही! रात्री उशाखाली राहिला, आखडलाय. उन्हात बसलो की सुटेल." तो मागे वळला. "आणि हे बघा, इथलं इथेच राहिलं पाहिजे. स्टँडवर कुणी तोंड उघडलं, तर गाठ माझ्याशी आहे. फास्का, तुला सांगतोय."

फास्काने मान खाली घातली. थट्टेचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि बिहीला त्याचीच भीती वाटली.

"कुणी काही बोलणार नाही," जामा म्हणाला. "तुला विचारल्याशिवाय तर नाहीच. म्हणून तुलाच विचारतो. उद्या माझी ज़हरा बाळंतपणाला माहेरी येतेय. तिझ्नितला उतरेल, तिथून तफ्रौतला यायचंय, म्हणजे हा घाट. तुझ्या गाडीत बसवू का तिला?"

"हा काय प्रश्न झाला?"

"साधा प्रश्न आहे. तू हो म्हण, मी बसवतो. पुन्हा विचारणार नाही."

ज़हराची ही पहिलीच वेळ होती. तिच्या लग्नाच्या दिवशी नवरीला सासरी पोचवायला हीच गाडी सजवली होती, आणि त्या रात्री जामा मुलाबाळांसमोर रडला होता. बिहीने डाव्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं निम्म्यावर आली आणि थांबली.

खालून एक ट्रक घुरघुरत वर आला आणि निघून गेला.

"नको," बिही म्हणाला.

जामाने मान हलवली. तो उतरला, पुढे आला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. बिही उतरताना त्याने त्याला धरलं नाही, फक्त वाट दिली. इतर ड्रायव्हर, "आम्ही चालतच जातो, उतारच आहे," असं पुटपुटत खाली निघाले. इद्दर मागे बसला.

"आधी दवाखान्यात," जामा म्हणाला. "सूनबाईला नंतर कळवू. आणि ऐक, स्टँडवर मी म्हणेन, गाडी अजून गॅरेजात आहे. तुला जेव्हा सांगावंसं वाटेल, तेव्हा तू सांग."

"तिसऱ्यात जोर करू नकोस. ती दुसऱ्यातच खूश असते."

"माहीत आहे रे."

बिही आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी, उजव्या दाराशी बसला होता. डावा हात त्याने उचलून मांडीवर ठेवला होता. जामाने गिअरवर हात नेला, की बिहीचा पाय जमिनीवर क्लच दाबायचा आणि डोळे बॉनेटच्या टोकावर खिळायचे. एकदा तरी तिने डावीकडे ओढावं, केसभर का होईना, म्हणजे जामाला म्हणता येईल, बघ, मी सांगत नव्हतो?

दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. तिझ्नितच्या पहिल्या घरांपर्यंत तो वाट पाहत राहिला. गाडी सरळ चालली होती.