कस्तुराबाईंना जयंतीला नाचायचंय

कस्तुराबाईंना आज भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचायचं होतं, पण आधी डॉक्टरीणबाईंचा होकार हवा होता.

कैक वर्षं त्यांचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. मिरवणूक आली की काहीबाही निमित्त काढून कडेला बसायच्या. शेवटी सून मिनलने त्यांना बोलतं केलं आणि यंदा जानेवारीत पोटातून दुर्बिणीने जाळी बसवून डॉक्टरांनी ते अंग जागेवर आणलं.

तेव्हापासून वजन उचलायला बंदी. मुलगा बुद्धभूषण चाकणच्या कंपनीत सेफ्टीला. पठ्ठ्याने घरातला हंडा, सिलिंडर, धुण्याची बादली, सगळ्यांभोवती पिवळी-काळी पट्टी चिकटवली! आईचं पाऊल पट्टीच्या आत पडलं की हा ओरडलाच. दिघीतल्या शेजाऱ्यांना मात्र त्याने हर्निया सांगितला होता. कंपनीत साहेबालाही न घाबरणाऱ्या पोराची इथे बोबडी वळली होती.

"खोका बरं जोरात," दवाखान्यात तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कस्तुराबाई बिचकल्या. आजवर खोकला दाबूनच काढला होता. मग खोकल्या, चांगल्या दणकून. काही म्हणता काही खाली आलं नाही!

"छान बसलीय जाळी. पण दुखलं, रक्त दिसलं तर लगेच यायचं. आणि जड उचलायचं नाहीच."

"अन् नाचायचं?"

"खुशाल नाचा!"

संध्याकाळी पिंपरीत ढोल कडाडला. पांढरी साडी निळ्या गुलालाने माखली. कस्तुराबाई नाचत होत्या आणि बुद्धभूषण दोन्ही हात पसरून गर्दी मागे सारत होता.

"आई, दमानं!"

"गप, तूबी नाच!"

इतक्यात त्यांना दुकानाच्या पायरीवर शेजारच्या चतुराबाई दिसल्या. खाली फडक्याची चौघडी घातलेली, भार एकाच मांडीवर. ते बसणं कस्तुराबाईंनी ओळखलं; त्या स्वतः कैक वर्षं अशाच बसायच्या.

त्या जवळ गेल्या. "काय झालं गं?"

"गुडघं."

कस्तुराबाई कानाशी वाकल्या. "मला हर्निया न्हवता, चतुरा. अंग येत होतं. जाळी बसवलीया."

चतुराबाईंचे डोळे भरून आले. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "लई दुखतं का गं?"

"दुखलं थोडं दिस. डॉक्टरीण चांगली हाय, मी येते संगं. अन् आता बघ की माज्याकडं!"

असं म्हणून कस्तुराबाईंनी पदर खोचला आणि त्या पायरीसमोरच, चतुराबाईंना दिसतील अशा, नाचायला लागल्या.