न बसणारी गोळी

नवी रायफल अडली की माणसं दोनच गोष्टी करतात. तिला शिव्या घालतात, नाहीतर बुक्क्या मारतात. एकवीस वर्षं पोलीस खात्यात आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करण्यात घालवल्यावर मला दोन्हींचा सारखाच राग येतो. दैवशालानं त्या सकाळी यातलं काहीच केलं नाही. गोळी आत ढकलणारा बोल्ट पुढं जाताना बोटभर अलीकडंच थांबला, तशी तिनं रायफलीचं तोंड निशाण्याकडंच ठेवलं आणि शांतपणे हात वर केला. पोरगी मला तिथंच आवडली.

परभणीबाहेरच्या मैदानावर जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड चालली होती. चार नावं ठरली होती, पाचवी जागा बाकी होती. पोलिसांत भरती होऊन जेमतेम वर्ष झालेल्या दैवशालाला ती हवी होती. तीन महिने ती पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी हवालदार, म्हणून खात्याच्या रिवाजानं ती मला ‘मेजर’ म्हणायची. रायफली नव्या कोऱ्या, सेमी-ऑटोमॅटिक. पहिली गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी असलेल्या कप्प्यात नीट बसली की पुढच्या आपोआप चढतात. हिची पहिलीच बसेना.

निवड घेणाऱ्या राजेश्री मॅडमनी घड्याळ पाहिलं. “बन्सीधर, पंधरा मिनिटं. नीट झाली तर मारू दे तिला दहा गोळ्या. नाही झाली तर नाव कट.”

मी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी काढली, अडकलेली गोळी बाहेर घेतली, बोल्ट मागं अडकवून ठेवला. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी पाहिलं. मग दुसरं मॅगझिन लावलं. तेच. दुसऱ्या खोक्यातली गोळी घातली. तेच. हिची गोळी शेजारच्या रायफलीत घातली, तर ती गुमान जाऊन बसली. म्हणजे गोळीचा दोष नाही, मॅगझिनचा नाही. खोट चेंबरमध्येच.

बाहेर काढलेली गोळी उन्हात धरली. पितळेवर पिवळा लेप. बोटाला तेलकट लागला. वास घेतला आणि माझा पारा चढला.

“हळद? मसाला वाटायला घेतली व्हती का गं रायफल?”

दैवशाला खाली बघत म्हणाली, “हळद न्हाई मेजर. भंडारा हाय.”

परवा दसरा झाला. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, घरची माणसंही येतात. टेबलावर रायफली बोल्ट उघडे ठेवून मांडल्या होत्या. दैवशालाची आई मनकर्णाबाई पोखर्णीकडच्या गावाहून आली होती. धनगराचं घर, मेंढरं पाळणारं. कळप चारायला लांब निघाला की पुढच्या मेंढ्याच्या तोंडात ही बाई खंडोबाचा भंडारा चिमूटभर घालते. रायफलीच्या चेंबरचं उघडं तोंड दिसलं, तिथंही तिनं घातला. आतल्या तेलात तो कालवला गेला आणि दोन दिवसांत चिकटून बसला.

“तुला म्हाईत व्हतं?”

“मी बघितलं घालताना.”

“मग पुसला का न्हाईस? हत्यार साफ करायला काय मी शिकवलं न्हाई तुला?”

“नळी पुसली, बोल्ट पुसला. चेंबर तेवढं न्हाई पुसवलं. भरती झाले तवापासून आई माझ्याशी धड बोलली न्हाई, मेजर. वर्दीला शिवली न्हाई. परवा पैल्यांदा माझ्या कामाला तिचा हात लागला. तो कसा पुसू?”

मी पिशवीतून ब्रश काढला, तर तिनं माझं मनगट धरलं. सात मिनिटं उरली होती. बरं, रागवावं तर डोळे भरलेले. माझ्या दोन्ही पोरी सासरी गेल्या, त्यामुळं असल्या डोळ्यांपुढं माझं काही चालत नाही. मी तडक उठलो आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली गाठोडं घेऊन बसलेल्या मनकर्णाबाईला घेऊन आलो. दुपारच्या एसटीनं ती गावी जाणार होती.

“बाई, तुमच्या भंडाऱ्यानं गोळी बसंना. रायफल चालंना.”

बाईचा चेहरा उजळला. दोन्ही हात तिनं कपाळाला लावले. “मल्हारीनं ऐकलं माझं!”

“म्हंजे?” मी विचारलं.

“तेच तर मागितलं व्हतं,” ती म्हणाली. “माझ्या लेकीच्या हातून कुणाचा जीव जाऊ देऊ नको. ही बंदूक चालायची पाळीच आणू नको, म्हणलं.”

दैवशाला हसली आणि हसता हसता रडली. “आई, इथं माणसं न्हाईत गं. कागद हाय समोर. कागदाला भोकं पाडायची हायती.”

मनकर्णाबाईनं डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं. पांढरा कागद, मधे काळा ठिपका. “एवढ्याचसाठी पहाटं उठायलीस व्हय?”

“व्हय.”

“आन् माणसावर न्हाई ना मारणार?”

दैवशालाला खोटं बोलता आलं असतं. मी असतो तर बोललो असतो. ती म्हणाली, “तसा शब्द न्हाई देता येत, आई. ह्या नोकरीत न्हाई देता येत. पण उगी कुणावर न्हाई उचलणार, तुझी आन.”

मॅडम घड्याळ बघत होत्या, मी बाईकडं बघत होतो. शेवटी तिनं लेकीच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं निपटलं. “पूस ते. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.”

दैवशालानं स्वतःच्या हातानं ब्रश फिरवला, कोरडं फडकं घातलं, पुन्हा घातलं. चौथं फडकं पांढरं आलं. मॅगझिन लावलं, बोल्ट सोडला. खट्कन बसला.

पहिल्या आवाजाला मनकर्णाबाईनं कान झाकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. दहाच्या दहा गोळ्या होईपर्यंत ती तशीच उभी होती, ओठ हलत होते. मॅडमनी दुर्बिणीतून पाहिलं, मान हलवली आणि पाचवं नाव लिहून घेतलं. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, पण वय आडवं आलं.

“झालं, बाई,” मी तिच्या खांद्याला हात लावून म्हणालो.

तिनं डोळे उघडले नाहीत. “कागदच फाटला ना, मेजर?”

“कागदच, बाई. नुसता कागद.”

तेव्हा कुठं तिनं कानांवरचे हात काढले, आणि वर्दीतल्या लेकीकडं पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं.