बुरशीचं पान

मंजिरीचा नेम ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होता. श्रावणी सोमवारी ती कापलेल्या गुरांच्या यकृताला हात लावत नसे. लॅबचं कामच ते: कत्तलखान्यातून आलेल्या नमुन्यांत, लघवीत आणि यकृतात, वाढीच्या हार्मोनचा अंश आहे का ते शोधायचं. वर्षभर ती हे मुकाट्याने करायची. श्रावणातले सोमवार तेवढे शिरीषशी काम बदलून घ्यायची. त्या दिवशी तो नमुने मशीनवर चालवायचा, ती रिपोर्ट तपासून सह्या करायची.

"ताई, गोमूत्र चालतं आणि कलेजी नाही?" शिरीष मास्कआडून हसायचा. "तुझे महादेव फार चूझी आहेत."

"मशीन चालव. जीभ नको चालवूस," ती हळूच म्हणायची.

२०२१च्या श्रावणातला पहिला सोमवार. लॉकडाऊनमुळे निम्मी माणसं घरी. चार वाजता शिरीषने एक रिपोर्ट आणून ठेवला. ग्लेन नावाच्या एका गुरेवाल्याचे नमुने होते आणि त्यांत झेरॅनॉल सापडलं होतं. गुरांना हे हार्मोन कानामागे गोळी बसवून देतात, आणि ज्यांचं मांस युरोपला जातं त्या कळपांना ते सक्त मना.

"ताई, दुसरं पान नीट बघ हं. ते बुरशीचं मला अजून कळत नाही."

"बघते रे."

दुसऱ्या पानाचं महत्त्व तिनेच त्याला शिकवलं होतं. ओल्या चाऱ्यावर बुरशी धरते, तिचं विष गुराच्या पोटात जातं, आणि त्यातल्या थोड्याचं शरीरातच झेरॅनॉल होऊन बसतं. माणसाने काही न करताही मग हार्मोन सापडतं. बुरशीचे आकडे हार्मोनहून बरेच मोठे असले, तर दोष चाऱ्याचा, माणसाचा नाही.

पण पाच वाजून गेले की सूर्य मावळणार होता. हेलन्सबर्गचं देऊळ बंद, म्हणून पिंडी घरीच मांडली होती. आंघोळ, तांदळाची शिवामूठ, मग उपास सोडायचा. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पहिल्या पानावर लाल खूण होतीच. तिने सही केली आणि गाडी काढली. त्या दिवशी पूजा फार छान झाली.

तीन आठवड्यांनी ग्लेनची ईमेल आली. 'माझ्या वडिलांपासून आमच्या एकाही गुराला गोळी बसवलेली नाही. मार्चच्या पुरात गवताच्या गंजी भिजल्या, आतून काळ्या पडल्या. एकदा परत बघा, एवढीच विनंती.'

मंजिरीने तो रिपोर्ट उघडला. दुसऱ्या पानावर बुरशीचे आकडे हार्मोनच्या आठपट होते. ती तशीच उठून मॅनेजरकडे, उल्हासकडे गेली.

"सुधारित रिपोर्ट तर पाठवावाच लागेल," सगळं ऐकून उल्हास म्हणाला. "कारण लिही, मशीनमध्ये बिघाड."

"मशीन नीट होतं, उल्हास. शिरीषने मला बघायला सांगितलं होतं. मी बघितलं नाही."

"मशीनला व्रत नसतं, व्हिसाही नसतो. त्याच्यावर ढकललं तर कुणाचं काही जात नाही. ऑडिटरने विचारलं, पान का नाही उघडलं, तर काय सांगशील? शंकराला तांदूळ वाहायचे होते? उद्या इथे आपल्यातल्या एकालाही सही करू देणार नाहीत." मग त्याने आवाज खाली आणला. "तुझ्या पीआरच्या, इथे कायम राहायच्या परवान्याच्या, कागदावर माझी सही लागते, हे तरी लक्षात आहे ना? अगं, ती गुरं तशीही कापलीच जाणार होती. तुला कधीपासून त्यांची काळजी?"

गुरांची काळजी तिने खरंच कधी केली नव्हती. केली होती ती स्वतःच्या हातांची.

तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं: दुसरं पान न पाहता सही केली. खाली स्वतःचं नाव घातलं. उल्हासने रिपोर्ट पुढे पाठवला, आणि थोड्या वेळाने तिच्या पीआरचा कागद तिच्या टेबलावर परत आणून ठेवला. सहीची जागा कोरी होती.

कुणी सांगितलं नव्हतं तरी तिने ग्लेनला फोन लावला.

"म्हणजे मी चोर नव्हतो," तो इंग्रजीत म्हणाला.

"नव्हता तुम्ही. चूक माझी होती. दुसरं पान मी उघडलंच नाही."

"उशीर झाला. युरोपच्या यादीतून नाव गेलं. चांगला चारा उरला नव्हता, उरलेला कळप मी मिळेल तिथे विकून टाकला. शेजारी लांबूनच वळायला लागले. मला वाटलं, कोविडमुळे." मग त्याने विचारलं, "ते पान का नाही उघडलं?"

मशीनचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"माझा उपास होता. सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन पूजा करायची होती."

"कुणासाठी करता पूजा?"

"सगळ्यांसाठी," सवयीने तिच्या तोंडून गेलं. "सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून."

"त्यात मी होतो का?"

ग्लेन चिडून विचारत नव्हता. तो उत्तरासाठी खरंच थांबला होता. मग त्याने फोन ठेवला.