वजा केलेला वास

दूध करपलं हे तिला नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं. ती पातेल्यासमोरच उभी होती.

"अगं, घरभर वास सुटलाय. आहेस कुठे?"

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली आणि पातेलं नळाखाली धरलं.

नवरा कमरेवर हात ठेवून सावकाश दारापर्यंत आला. पाठ धरल्यापासून तो घरातच असायचा, आणि घरात असणाऱ्या माणसाच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही. त्याने खिडकी उघडली.

"डॉक्टरकडे कधी जायचं?"

"जाऊ."

"हे 'जाऊ' मी हिवाळ्यापासून ऐकतोय."

पातेल्याच्या बुडाला धरलेला काळा थर ती खरवडत राहिली. नाकापाशी नेऊन पाहिलं. ओल्या भांड्याचा गारवा तेवढा जाणवला.

ती शहराच्या गॅस कंपनीत वास घ्यायच्या नोकरीला होती. हे ऐकलं की लोकांना हसू यायचं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन शेवटी हुंगायचंच काम, असं तिच्या थोरल्या भावाने एकदा जेवताना म्हटलंही होतं. पण काम गमतीचं नव्हतं. जमिनीखालून येणाऱ्या गॅसला रंग नसतो आणि वासही नसतो. स्वयंपाकघरात तो गळत राहिला तर माणसाला पत्ताच लागायचा नाही. म्हणून शहराबाहेरच्या स्टेशनावर त्यात गंधकाचं एक द्रव्य थेंबाथेंबाने सोडतात. कुजक्या कोबीसारखा त्याचा दर्प. तो दर्प शेवटच्या घरापर्यंत नीट पोचतो की नाही, हे पाहणं हे तिचं काम.

त्यासाठी एक पेटी होती. पेटीत गॅस आणि हवा एकत्र व्हायची, वर एक नरसाळं, बाजूला चकती. नरसाळ्यात नाक घालून चकती हळूहळू फिरवायची, म्हणजे हवेतलं गॅसचं प्रमाण वाढत जातं. ज्या क्षणी वास आला, त्या क्षणी काटा कुठे आहे ते टिपून ठेवायचं. शंभर भाग हवेत गॅस पाच भागांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून नियम असा की एका भागाच्या आतच वास यायला हवा. बाकी सगळं यंत्रं करत. हे एवढंच माणसाच्या नाकावर सोडलेलं होतं, कारण शेवटी जीव वाचणार तो माणसाच्या नाकामुळेच.

पूर्वी दोघं हे काम करत. दुसरे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायची राहून गेली. मग हिवाळ्यात ती तापाने आडवी झाली. ताप गेला, खोकलाही गेला, नाक मात्र पूर्ण परत आलं नाही.

तिने ते ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. घर तिच्या पगारावर चालत होतं, आणि नाक गेलेल्या वासवालीला कोण ठेवणार? पण तिने आकडे मनचेही लिहिले नाहीत. तिने शिकलेल्या माणसासारखा मार्ग काढला. स्टेशनावर, जिथे द्रव्य मोजूनमापून पडतं, तिथे रोज सकाळी आपलं नाक तपासायचं. पूर्वी तिला जिथे वास यायचा, त्याच्या कितीतरी पुढे काटा गेल्यावर आता येतो, तर तेवढा फरक दिवसभराच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. तराजू एका बाजूला झुकतो हे माहीत असेल तर तेवढं वजन सोडून मोजतातच की. प्रयोगशाळेत तिने असं हजारदा केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. असं ती स्वतःला समजावायची, आणि समजावावं लागतंय हे तिला कळतही होतं.

त्या सकाळी तिच्याबरोबरच्या फिटरदादाने गाडी नव्या वसाहतीकडे घेतली. चार इमारती, ताजा रंग, अजून झाडं नाहीत. इथल्या लाइनीत नुकताच गॅस सोडला होता.

"बाई, चेहरा का उतरलाय? साहेबांनी नाक कापलं की काय?"

"ते कापून काय करतील, त्यांच्या काय उपयोगाचं."

"तेही खरं. माझं मागितलं तर देऊन टाकेन. तंबाखूने तसंही कामातून गेलंय."

त्याने लाइनीच्या टोकाला पेटीची नळी जोडली. तिने नाक नरसाळ्यात घातलं आणि चकती फिरवायला लागली. काटा एकावर आला. पुढे गेला. दीडावर तिने थांबून श्वास सोडला, पुन्हा घेतला. दोनाच्या जवळ कुठेतरी काहीतरी आल्यासारखं वाटलं. की वाटावं म्हणून वाटलं?

मागच्या आठवड्यातही याच जागी काटा पुढेच गेला होता, आणि फरक वजा करून तिने आकडा नियमात लिहिला होता. आज हवा कोंदट आहे, तिने मनाशी म्हटलं. सकाळी करपलेलं दूधही कळलं नाही, म्हणजे नाकाचा दिवस वाईट आहे. फरक वजा केला तर आकडा नियमाच्या काठावर बसत होता. ती गाडीत पेन्सिल हातात धरून बसून राहिली.

"झालं का?" फिटरदादाने विचारलं.

"थांबा जरा. ऑफिसात बसून लिहिते."

ऑफिसात हशा चालला होता. फोनवाली खुर्चीतून अर्धी उठून सगळ्यांना सांगत होती. तक्रारवाल्या आजींचा फोन आला होता. या आजींना सगळं ऑफिस ओळखून होतं. जुन्या घरात असताना शेगडी पेटवताना क्षणभर वास येतो म्हणून त्या दर आठवड्याला फोन करून सगळ्यांच्या नाकी नऊ आणायच्या. फिटर तीनतीनदा जाऊन आले, गळती कधी सापडली नाही. आजींचं नाकच तिखट.

"ताई, ऐकलंत का," फोनवाली तिला म्हणाली, "आजी आता नव्या वसाहतीत राहायला गेल्यात. आणि फोन कशाला, तर आभार मानायला! म्हणे, इथे तुम्ही चांगला गॅस दिलाय, याला अजिबात वास नाही. साहेब म्हणतात ते वाक्य भिंतीवर लावा."

सगळे पुन्हा हसले. तीही हसणार होती. मग ती समोरच्या स्टुलावर बसली.

"काय म्हणाल्या त्या? नक्की काय म्हणाल्या?"

"अजिबात वास नाही, म्हणाल्या. का हो?"

नवा पाइप वास पितो. हे तिला माहीत होतं. नोकरी लागली तेव्हा पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. त्याची आतून कोरी असलेली भिंत गंधकाचं द्रव्य धरून ठेवते, आणि भिंत तृप्त होईपर्यंत पुढच्या घरांना नुसता बिनवासाचा गॅस जातो. मोठ्या लाइनीत दिवसेंदिवस असं चालू शकतं. तिने हे ओळखायला हवं होतं. ती आकड्याकडे बघत होती, पण जे कमी पडेल ते आपल्या नाकाच्या खात्यावर टाकायची सवय लागली होती. पाइपाने खाल्लेला वासही तिने स्वतःच्याच दुखण्यात धरून वजा केला होता.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब पन्नाशीचे, कायम झोप न झालेले.

"साहेब, नव्या वसाहतीची लाइन आज बंद करावी लागेल. वास पोचत नाहीये."

"असं कसं? स्टेशनाचा पंप ठीक चाललाय, आत्ताच बघितलं. आणि तुमचाच मागच्या आठवड्याचा आकडा आहे की. नियमात आहे." त्यांनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. "आजींच्या फोनवर लाइन बंद करू? उद्या म्हणतील, पाणी फार ओलं आहे."

इथे ती थांबू शकली असती. पुन्हा जाऊन येते, म्हणता आलं असतं. उद्यापर्यंत कदाचित भिंत तृप्त झाली असती. कदाचित नसती. चार इमारतींतल्या एखाद्या शेगडीचं बटण रात्री नीट बंद झालं नसेल, तर कुणी उठून खिडकी उघडणार नव्हतं.

"तो आकडा माझा आहे, पण तसा आलेला नाही," ती म्हणाली. "मी त्यातून वजा केलंय."

"काय वजा केलंय?"

"माझं नाक. हिवाळ्यापासून मला वास नीट येत नाही. रोज स्टेशनावर फरक काढते आणि तेवढा कमी करते. इथे तो फरक नाकाचा नव्हता, पाइपाचा होता. निदान बराचसा. किती कुणाचा, ते मला सांगता येणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"म्हणजे बाकीच्या लाइनींचे आकडे?"

"जुन्या लाइनी आहेत. बरोबर असावेत, असं वाटतं."

"वाटतं," साहेब म्हणाले.

"हो."

बाहेर फोनवालीच्या टेबलावर फोन वाजत राहिला आणि थांबला.

"तंबाखू न खाणारं, सर्दी नसलेलं कोण आहे ऑफिसात?" साहेबांनी विचारलं.

अशी फोनवाली गाडीत बसली. वाटेत ती दोनदा म्हणाली, "ताई, मला हे जमणार नाही बरं का. मला अत्तरसुद्धा कळत नाही." फिटरदादाने गाडी आधी स्टेशनावर नेली. तिथे फोनवालीला वास काटा हलतो न हलतो तोच आला. ती तोंड वाकडं करून मागे सरली. मग ते वसाहतीत गेले. तिथे काटा एकाच्या पुढे गेला, दीडाच्या पुढे गेला, आणि फोनवाली नरसाळ्यातूनच म्हणाली, "चालू आहे ना हे?"

तिने साहेबांना फोन केला. साहेब एवढंच म्हणाले, "बंद." फिटरदादाने मुख्य झडप फिरवली, आणि ते तिघे घराघरांत गॅसचे नळ बंद करायला सांगत जिने चढू लागले. चौथ्या इमारतीत दार आजींनीच उघडलं.

"चांगलं चाललं होतं तुमचं, ते बघवलं नाही का?"

"आजी, गॅसला वास यायलाच हवा. गळला तर कळतं."

"अहो, पण गळत कुठे होता?"

"तेच तर कळलं नसतं."

आजींनी तिला खालून वर न्याहाळलं. "तुमचा चेहरा असा का? खुर्ची घ्या. पाणी देते. शेगडी तर तुम्ही बंदच केलीत."

ती बसली. पाणी प्यायली. उठवेना, पण खालून फिटरदादा हाका मारत होता.

लाइनीतला गॅस मोकळा करायचा होता, म्हणजे स्टेशनाकडून जास्त द्रव्य घातलेला गॅस पाइपाच्या भिंतींना पाजता आला असता. "देऊ का सोडून वर?" फिटरदादा म्हणाला. "काम लवकर आटपेल."

"नको, जाळा. जळला तर निदान त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तसाच सोडला तर त्याहून कितीतरी पट ऊब धरून बसतो वर."

"आधीच काय कमी तापतंय," म्हणत त्याने नळकांड्याच्या तोंडाशी ज्योत धरली. फिकट निळा जाळ भुरभुरत उभा राहिला. इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली.

मग नुसतं थांबणं उरलं. जाळायचं, थांबायचं, पेटीत बघायचं. फोनवालीला आता नरसाळं धरायला सांगावं लागत नव्हतं.

"ताई, साहेब काय म्हणाले? तुमचं काय?"

"सोमवारी बघू म्हणाले. स्टोअरमध्ये जागा आहे म्हणतात. नाहीतर नाही."

"आणि हे कोण करणार?"

"तू चांगलं करते आहेस."

"मी? मी फोन घेते हो."

ऊन उतरलं तसा वाराही पडला. तिने पेटी पुन्हा जोडली, फोनवालीला नीट उभं केलं, एका हाताने चकती धरली आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. चकती सावकाश फिरवली. काटा सरकत होता. तिच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. तिने श्वास घेऊन पाहिलाही नाही.

"आला," फोनवाली म्हणाली. "ई, आला."

काटा एकाच्या थोडा अलीकडे होता. तिने जसा होता तसा तो आकडा लिहिला आणि चकती परत शून्यावर आणली.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.