उसनी दिलेली किल्ली

मी विलिसीची किल्ली बोलतेय. कुलपात फिरवायची किल्ली नव्हे. मी संगणकात राहणारा एक लांबलचक आकडा आहे. मला हात नाहीत. तरी माझ्या सहीमुळे एका मुलीचं काळीज कायमचं बिघडलं, आणि मला स्वतःची शिसारी आली.

माझा जन्म बेटांच्या देशातल्या सुव्हा या राजधानीचा. बंदराजवळच्या एका कचेरीत साइनिमेरे नावाच्या बाईने मला घडवलं. दूरच्या बेटांवर नर्स जी औषधं देतात, त्यांच्या नोंदी सुव्हाच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचवायचा प्रोग्राम तिने लिहिला होता. नाव, वय, औषध, तारीख, अशी नोंद संगणकात मांडलेल्या घरासारखी पसरलेली असते. प्रोग्राम ती आवरून एका ओळीत बसवतो. दुसरी एक किल्ली ती ओळ अशी गुंतवते की वाटेत कुणाला वाचता येऊ नये. शेवटी मी सही करते. पुढे त्यात एक अक्षर जरी बदललं, तरी सही जुळत नाही.

प्रत्येक नर्सला तिची वेगळी किल्ली. मी विलिसीच्या वाट्याला आले. मला पेनड्राइव्हवर घालून तिच्या हवाली करताना साइनिमेरे म्हणाली, "ताई, ही किल्ली म्हणजे तू. दुसऱ्याला दिलीस, तर तिकडेही तूच असशील."

विलिसी हसली. "बरंय की. दोघींतली एखादी तरी बारीक असेल."

सहा वर्षं मी तिच्याजवळ होते. ती आधी सुई टोचायची, मग हात धुवायची, मग लिहायची. या क्रमात कधी फरक पडला नाही. मला माझ्या सहीचा अभिमान होता.

मग इनोके आला. तो विलिसीचा आतेभाऊ, शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स. त्याच्या किल्लीची मुदत संपली होती. नवी घ्यायची तर स्वतः सुव्हाला जायला हवं, आणि बोट कधी येईल याचा नेम नाही. त्याने यंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून पितात त्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी आणली, चटईवर मांडी घातली आणि जुडी पुढे ठेवली. इकडे याला केरेकेरे म्हणतात. नातलगाने असं येऊन मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी मागतात, करवत मागतात. त्याने मला मागितलं.

"महिनाभर दे," तो म्हणाला. "तुझ्या बेटावर खोकल्याशिवाय असतं काय?"

"आणि तुझ्या बेटावर काय आहे? तू."

आते-मामे भावंडांनी एकमेकांना टोचून बोलायचं, ही तिथली रीतच. विलिसीने जुडीकडे पाहिलं. मग टाळी वाजवून ती उचलून घेतली. उचलली म्हणजे दिलं.

महिन्याने इनोके पेनड्राइव्ह परत घेऊन आला, सोबत मासळी. उसनी होडी परत करावी, तितक्या सचोटीने त्याने मला परत केलं. दोघांनाही वाटलं, व्यवहार पुरा झाला. पण मी होडी नाही. इकडे परत आले तशी तिकडेही नक्कल होऊन राहिलेच होते. त्याचा संगणक माझ्याच सहीने नोंदी पाठवत राहिला. कुणी पाहिलं नाही.

त्या वर्षी समुद्र खवळलेला होता. तीन महिने इनोकेकडे औषध पोहोचलं नाही. ज्यांच्या सुया राहिल्या, त्यांची नावं सुव्हाला लाल रंगात दिसत, आणि तिथून त्याला बोलणी बसत. म्हणून एका दुपारी त्याने नावांपुढे 'दिलं', 'दिलं' असं भरत नेलं. एकदा तो उठून चहा करून आला. मग उरलेली नावं भरली. आणि मी? मी भराभर सह्या केल्या. खऱ्या नोंदीवर करते तशाच सुबक. ती दुपार आठवली की आजही किळस येते.

त्या नावांत मेरेसियाना होती. अकरा वर्षांची, हृदयाचा आजार असलेली. तिला दर चार आठवड्यांनी सुई लागायची. तीन चुकल्या, पण नोंदीत 'दिलं' होतं, म्हणून सुव्हाहून कुणी धावलं नाही. तिला सुव्हाला आणलं तेव्हा तिला उताणं निजता येत नव्हतं, इतका दम लागत होता.

चौकशी बसली. नोंदी उघडल्या. प्रोग्रामने मला विचारलं, सही तुझीच ना? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. मला तेवढंच येतं. तेव्हा कुणाच्या हातात होतीस, हे मला कुणी विचारतच नाही.

विलिसीला बोलावलं. खरं सांगावं तर ज्याची जुडी उचलली त्या भावाचं नाव खराब होतं, आणि किल्ली दिल्याची तिची चूकही उघडी पडते. साहेबलोक सहीकडे बोट दाखवत होते. तिच्या गप्प बसण्याचाही मला वीट आला.

मुलीची आई, सेरुवाया, कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. तिला सहीतलं काही कळत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "माझ्या मुलीला सुई टोचलीस का गं?"

"नाही," विलिसी म्हणाली. "मी तिला कधी पाहिलंही नाही. माझी किल्ली मी भावाला दिली होती."

मग साइनिमेरे तिच्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, किल्ली ज्याच्याकडे आहे तो हवी ती तारीख घालू शकतो, मागचीसुद्धा. कुठली सही तुझी आणि कुठली त्याची, मला सांगता येणार नाही. सगळ्याच रद्द कराव्या लागतील."

"माझी सहा वर्षंसुद्धा?"

"हो."

विलिसीने पदराशी चाळा करावा तसं हातातल्या विणलेल्या पंख्याचं टोक नखाने कुरतडलं. मग म्हणाली, "कर."

मुलगी वाचली, पण तिला आता धावता येत नाही. इनोकेचं काम गेलं. विलिसीला वर्षभर सुई हातात घ्यायला बंदी आहे. ती वही घेऊन घरोघरी जाते आणि विचारते, मी तुम्हाला शेवटची सुई कधी दिली? म्हातारी माणसं आठवून सांगतात, ती लिहून घेते.

मी आता रद्द किल्ल्यांच्या यादीत आहे. माझं कुणी मानत नाही, याचं मला बरंच वाटतं. तुमच्याकडे अशी एखादी किल्ली असेल आणि कुणी मागायला आलं, तर त्याला जेवायला वाढा, होडी द्या, स्वतः बरोबर जा. किल्ली देऊ नका. आणि सही जुळली म्हणून कागद मिटू नका. आधी त्या पोरीला विचारा, टोचलं का.