अडलेलं गाऱ्हाणं

धरणाचं वीजघर दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू व्हायचं होतं आणि त्याआधी साहेबांना देवाला गाऱ्हाणं घालून हवं होतं. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारे मानकरी, गावकर भिकाजीकाका, नारळ घेऊन दाराशी उभे होते. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. आमच्या गावात एकानेही अडवलं, तर नारळ फुटत नाही.

आई माझ्या शेजारी होती. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच नदीकडे आली होती.

बाबा रोज सकाळी म्हशीला धरणाखालच्या कोंडीत, नदीतल्या डोहात, धुवायला नेत. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजे. भोंगा वाजला की वर यायचं, नाही वाजला तर पाणी येणार नाही, हे वीजघराच्याच माणसांनी घरोघर फिरून शिकवलं होतं. भोंगा झाला की आई खळ्यातून, घरापुढच्या अंगणातून, ओरडायची, “अवो, वर येवा!” तिचा आवाज नदीपर्यंत पोचत नसे. तरी बाबा घरी येऊन म्हणत, “आमचे भोंगे दोन. एक धरणाचो, एक घरचो.”

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भोंगा न वाजता पाणी आलं. म्हैस एकटीच घरी आली.

चौकशी झाली. भोंगा नादुरुस्त होता आणि बाबा, म्हणजे गावाचे बाबली, पाय घसरून पडले, असं ठरलं. वरच्या विश्रामगृहातल्या पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून भोंगा बंद ठेवला होता, हे सगळा गाव जाणून होता. पण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी वीजघरात कामाला. मी सावंतवाडीत इतिहास शिकवते. गप्प बसलेली गावं पुस्तकात वाचून मला समजत होती. तीच माणसं दुखवट्याला आमच्या लोट्यावर, पुढच्या ओसरीत, येऊन बसली, तेव्हा समजेनात.

साहेबांनी काकांच्या कानाशी काही सांगितलं. काकांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, आज ही मशीन परत सुरू होता हा, तिका येश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हयल्या कामगारांक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण आपल्या चुकीन पाय घसरान गेलो, तेका माफ कर रे म्हाराजा!”

“नाय म्हाराजा,” मी म्हणाले.

सगळे मागे वळले. साहेब हसून म्हणाले, “मॅडम, हा श्रद्धेचा विषय आहे.”

“म्हणूनच. काका, त्या सकाळी भोंगो ऐकलात तुमी?”

काकांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. “नाय गो.”

“मग तांच सांगा देवाक.”

साहेब पुढे झाले. “गावकर, उशीर होतोय.”

“सायबानू, गाऱ्हाणा कोण घालता? तुमी काय मी?” काकांनी पुन्हा डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, भोंगो वाजलो नाय आणि आमचो बाबली गेलो. तेची चूक नाय रे म्हाराजा!”

सगळ्यांत आधी आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” त्यानंतर एकेक पुरुष, एकमेकांकडे न बघता.

काकांनी नारळ न फोडताच पायरीवर ठेवला. “भोंगो वाजलो की फुटात.”

नारळ फुटल्याशिवाय मशीनला आतला एकही माणूस हात लावणार नव्हता. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग ऑपरेटर भाईकडे मान हलवली. भाई आत गेला. त्याच्या हातात ना पक्कड, ना वायर.

नादुरुस्त भोंगा खणखणीत वाजला.

आई झटकन नदीकडे वळली. “अवो,” ती ओरडली आणि तिथेच थांबली.